निवडणुकीच्या दिवशी चूल बंद

आबांनी शेतात चेकबुक आणलं, तेव्हाच मला कळलं की आजचं भरीत कोणाच्याच घशाखाली सरळ उतरणार नाही.

एरवी भरिताच्या पार्टीला माझे आजोबा फक्त टोपी आणि अडकित्ता घेऊन येतात. आज मात्र त्यांच्या जाकिटाच्या वरच्या खिशातून चेकबुकाची निळी कड डोकावत होती. पप्पा, चंदनकाका, चारूकाकू, सगळे कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजणाऱ्या वांग्यांकडे बघत होते, आणि प्रत्येकाची नजर दर मिनिटाला एकदा त्या खिशावर जाऊन परत येत होती. बामणोदची एवढी सुंदर हिरवी वांगी, पण त्यांना कोणी विचारेना.

निवडणूक लागली की आबा देणगी देतात. चेकनेच, आणि पावती घेऊनच. ज्याला देतात तो रावेरच्या सभेत त्यांचं नाव घेतो आणि त्यानंतर महिनाभर आबा रोज दाढी करतात. या वेळी जिल्हा परिषद होती आणि आबांचे दोन मुलगे दोन टोकांना होते. माझे पप्पा, म्हणजे थोरले कुंदन, उमेदवार रतिलालभाऊंच्या बाजूचे, कारण ते दोघं शाळेत एका बाकावर बसायचे. धाकटा चंदनकाका त्यांच्याविरुद्ध उभ्या चुडामणनानांच्या बाजूचा. त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे धुळ्याला, हायवेवर. मतदान धुळे शहरात, भांडण रावेर तालुक्यात, असा त्याचा कारभार.

आणि चारूकाकू कोणाच्याच बाजूची नव्हती. सकाळी विहिरीवरच्या मोटारीच्या धारेखाली वांगी धुताना ती मला हळूच म्हणाली होती, "मोनाली, आज तो चेक कोणा एका उमेदवाराकडे गेला की आपलं काम बसलं म्हणून समज."

आपलं काम! काकू धुळ्याच्या कॉलेजात शिकवते. तिचं तिथे एक मंडळ आहे, लोकांनी मतदानाला बाहेर पडावं म्हणून वस्त्यांमधून फिरणारं. दिवाळीच्या सुट्टीत ती इथे आली आणि तिने मला आणि माझ्या वर्गातल्या तिघींना कामाला लावलं. केळी कापणाऱ्यांच्या वस्तीत चाळीस घरं आम्ही मतदार यादी घेऊन पालथी घातली. एका तरण्याबांड माणसाचं वय यादीत एकशे बारा होतं. एका बाईच्या नावापुढे तिच्या सासऱ्याचा मिशीवाला फोटो होता, आणि ती म्हणाली, "राहू द्या, तसंबी घरात सगळं त्याइच्याच नावानं हाये." पण अर्ज भरायचे, झेरॉक्स काढायच्या, सगळं काकूच्या पर्समधून चाललं होतं आणि ती पर्स आता पार आटली होती.

पंगत बसली. केळीच्या पानावर भरीत, पुऱ्या, कांद्याची पात. आजी, म्हणजे शेवंताबाई, वाढत होती आणि माझी मम्मी लाकडाच्या बडगीत मुसळाने दुसरा घाणा कुटत होती.

आबांनी पहिला घास घेतला, मान डोलावली आणि विचारलं, "हं. बोला. या टायमाले कोनले द्यायची?"

"रतिलालला," पप्पा म्हणाले.

"नानांना," काका म्हणाला.

दोघं एकाच क्षणी! आणि त्याच क्षणी काकू म्हणाली, "आबा, मला जरा बोलायचंय."

काका घाईने म्हणाला, "चारू, आधी जेवू दे ना बठ्ठ्यांना."

"बठ्ठे म्हने! सगळे म्हनता येत नही?" आजीने त्याच्या पानात डावभर भरीत आपटलं. "धुयाचं पानी लागलं याले. उद्या ‘हाये’ सोडून ‘शे शे’ करीन."

"चांगलं शे की मग," काका म्हणाला आणि सगळे हसले. काकू हसली नाही. तिने पानावरचा हात आवरला आणि एका दमात म्हणाली, "या वेळी देणगी उमेदवाराला देऊ नका. मतदारांसाठी द्या."

पप्पांना ठसका लागला. "चारुलता, मतदारांना पैसे वाटले तर आबांना या वयात पोलीस स्टेशन बघावं लागेल!"

"वाटायचे नाहीतच दादा. कोणाला चहासुद्धा पाजायचा नाही. मतदान व्हावं म्हणून जे लागतं, तेवढंच करायचं."

"म्हंजे काय काय?" आबांनी विचारलं.

काकूने माझ्याकडे बघितलं. जळगावच्या वक्तृत्व स्पर्धेत दुसरा नंबर आल्यापासून मला कोणी नुसतं बघितलं तरी मी उभी राहते. भरिताच्या हाताने उभी राहिले.

"आबा, सगळ्यात आधी त्या दिवशी कापणी दुपारपर्यंत बंद, आणि मजुरी पूर्ण. घरोघरी चिठ्ठी द्यायची. तिच्यावर नाव, यादीतला नंबर, बूथची खोली. बस्स. कोणाचं चिन्ह नाही. बायकांची लहान पोरं सांभाळायला शाळेपासून लांब, लिंबाखाली एक मांडव. चालता न येणाऱ्यांसाठी शाळेत चाकाची खुर्ची. आणि मतदानाच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक घराला पुन्हा एकदा आठवण, कारण लोक ‘जाऊ’ म्हणतात आणि विसरतात. हे सगळं आम्ही मुली करू, पण छपाई, मांडव, खुर्ची फुकट येत नाही."

"आणि ट्रक?" पप्पा उसळले. "व्यापाऱ्याचा ट्रक दिल्लीला जायचा असतो. घड कापणीला आला की थांबत नाही!"

"पावसाळ्यात ट्रक चिखलात दोन दिवस फसला होता, तेव्हा थांबले होते की, पप्पा."

पप्पांनी पुरी मोडली. ती अशी मोडली की तिच्या जागी मी असते तर मी गप्प बसले असते.

आबा मात्र विचारात पडले होते. "आनि यात माझं नाव कुठी येईन?"

"कुठेच नाही," काकू म्हणाली.

"पोस्टरवर?"

"पोस्टरच नाही."

"हार?"

"नाही, आबा."

"मंग तिले देनगी कशाले म्हनायचं!" आबा म्हणाले, आणि त्यांचा हात चेकबुकावर गेला. काढायला नाही, झाकायला.

पप्पांना तेवढंच हवं होतं. ते उठले, जीपमधून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली एक जाडजूड यादी घेऊन आले. मागच्या निवडणुकीत ते रतिलालभाऊंचे बूथवरचे एजंट होते. जो मत देऊन जाईल त्याच्या नावापुढे टिक, असं दिवसभर बसून त्यांनी केलं होतं, आणि ती यादी कालच रतिलालभाऊंना दाखवायला बाहेर काढली होती.

"आपल्या तीन नंबरच्या बूथवर मतदान कमी होतच नाही," त्यांनी यादी माझ्या मांडीवर टाकली. "वाच. टिका मी स्वतः केल्यात. वाच मोठ्याने, वक्ते!"

मी वाचायला लागले. आमच्या गल्लीत टिका भराभर होत्या. पप्पा प्रत्येक टिकेला मान हलवत होते. मग वस्तीचं पान आलं आणि टिका एकदम विरळ झाल्या. दुसरं पान तर जवळजवळ कोरंच.

"तोताराम," मी वाचलं. "टिक नाही."

तोतारामभाऊ, कापणीच्या टोळीचे मुकादम, तिथेच जाळाशी बसून वांगी उलटत होते. ते न वळताच म्हणाले, "कुंदनभाऊ, त्या दिवशी पाहाटे पाचले तुमीच त गाडी लावली व्हती. सावद्याकडच्या मळ्यात. आमी आलो त शाळेले कुलूप."

मोटारीचा आवाज अचानक मोठा झाला.

आता त्या वेळी पप्पांच्या डोक्यात काय चाललं होतं ते त्यांनी मला खूप नंतर, चांगल्या मूडमध्ये असताना सांगितलं. त्यांना लाज वाटली, हे खरं. पण लाजेच्या पाठोपाठ हिशोब आला: ही वस्ती आपली. आपण काम देतो. ही सगळी मतं बाहेर पडली तर रतिलालचीच!

आणि बरोबर समोर, कांद्याची पात चघळत, चंदनकाकाही हिशोब करत होता. हे काकूने मला सांगितलं. काकाला वाटलं, पहाटे पाचला गाडी लावणाऱ्या दादावर ही वस्ती किती चिडलेली असेल! बाहेर पडली तर सगळी नानांची!

"आबा," काका म्हणाला, "मला वाटतं, चारूचं बरोबर आहे."

"माझंही मघापासून तेच म्हणणं आहे," पप्पा म्हणाले.

आबांनी एकाकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे. "तुमी दोघं एका बाजूले? चंदनच्या लग्नाच्या फोटोतबी तुमी एका बाजूले उभे नव्हते." मग पानावरून हात फिरवत म्हणाले, "मले समजतं सगळं. पन मी काहून देऊ? माझ्या घरातून कधी मत चुकलं नही. पोरी, आपलं घर वाच. म्हंजे कळीन याइले."

मी पान उलटलं. आमचं घर. मी वाचायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. वक्तृत्वाच्या स्पर्धेत मधेच विसरल्यावर झालं होतं, तसं.

"वाच ना!"

"जीवराम, टिक," मी म्हणाले. "कुंदन, टिक." मग आवाज बारीक झाला. "शेवंताबाई, नाही. पुनम... नाही."

जीवराम म्हणजे आबा, आणि पुनम म्हणजे माझी मम्मी. तिचं मुसळ थांबलं.

आबांनी यादी माझ्या हातून घेतली. चष्मा कपाळावरून खाली आणला. बोट ठेवून बघितलं. मग पप्पांकडे बघितलं, कारण टिका त्यांनी स्वतः केल्या होत्या. दिवसभर बूथवर बसून आपली आई आणि आपली बायको आली नाही, हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. पप्पा बिचारे केळीच्या पानाच्या शिरा मोजत होते.

मम्मी आमच्या घरात सगळ्यात कमी बोलते, म्हणून ती बोलली की ऐकू येतं. "त्या दिवशी आम्ही दोघी चुलीपुढे असतो, मामंजी. रतिलालभाऊंची पोरं अकराला जेवतात. नानांची पोरं एक वाजता. मग जी राहिली ती तीनला. दर निवडणुकीला."

ही तर आमच्या घराची शान! आमच्या ओट्यावर दोन्ही पक्षांची पंगत उठते, आमच्याकडे झेंडा बघून वाढत नाहीत, हे मी स्वतः जळगावच्या भाषणात छाती फुगवून सांगितलं होतं. टाळ्या पडल्या होत्या.

"सांगितलं काहून नही?" आबांनी आजीला विचारलं.

"तुमी इचारलं काहून नही?" आजी म्हणाली आणि त्यांच्या पानात पुरी वाढली. अगदी हळू वाढली. काकाच्या पानात भरीत आपटलं होतं, तसं नाही.

आबांनी पुरी खाल्ली. पूर्ण. मग पाणी प्यायले, जाकिटाच्या खिशातून चेकबुक काढलं आणि काकूला विचारलं, "तुझ्या मंडयाचं नाव काय हाये? पावती देतीन ना?"

"देतील, आबा! नोंदणी आहे मंडळाची."

"आनि त्या दिवशी," लिहिता लिहिता आबा म्हणाले, "आपल्या घरची चूल बंद."

मी टाळी वाजवणार, तेवढ्यात आजी कडाडली, "चूल बंद? दारातून मानूस उपाशी जाईन? मी मेली का?"

झालं. चेक मिळाला, वस्ती मिळाली, पप्पा आणि काका मिळाले. आणि आजी समोरच्या बाजूला जाऊन बसली. काकूने जेवताना माझ्या कानात सांगितलं, "चाळीस घरं सोपी होती गं. हे एकेचाळिसावं अवघड आहे."

पुढचे तीन आठवडे आम्ही काय काय केलं ते लिहायला गेले तर वेगळी वही लागेल. चिठ्ठ्या, अर्ज, संध्याकाळच्या फेऱ्या. दुरुस्त झालेलं ओळखपत्र हातात आल्यावर त्या मिशीवाल्या फोटोच्या बाई स्वतःचा चेहरा बघून म्हणाल्या, "याच्यापेक्षा सासरे बरे दिसत व्हते."

मतदानाच्या दिवशी सकाळी साडेसातलाच शाळेपुढे रांग होती. तोतारामभाऊंची टोळी आंघोळ करून आली होती, पण केळीच्या चिकाचे डाग काही सदऱ्यावरून जात नाहीत. रांगेत लांबूनच दिसत होतं, कोण कोण कापणीवरचे ते. मम्मी नऊ वाजता गल्लीतल्या सहा बायकांना घेऊन गेली आणि बाहेर आल्यावर उगाचच दोनदा केस सारखे केले. लिंबाखालच्या मांडवात चंदनकाका पोरं सांभाळत होता. एक खांद्यावर, एक पायाशी, आणि एकाने त्याचा मोबाइल पाण्याच्या हंड्यात टाकलेला. काकूने त्याला आणि पप्पांना सक्त ताकीद दिली होती: मांडवात कोणाचं नाव काढायचं नाही. पप्पांनी दोनदा "रति" एवढंच म्हटलं आणि काकूच्या नजरेने पुढचा "लाल" गिळला.

आणि आजी? "तुमी व्हा पुढे, मी आलीच." दहाला तेच. बाराला तेच. तीनला तेच. मी चिठ्ठ्यांच्या नादात विसरले. विसरले! मी, जी सगळ्या गावाला आठवण करून देत होते.

पाच वाजून गेल्यावर मी घरी धावले, तर गल्लीच्या तोंडाशीच भाकरीचा वास आला. स्वयंपाकघरात आजी एकटी, परातीपुढे. ओट्यावर दोन्ही पक्षांची आठ-दहा पोरं.

"आजी! चूल बंद ठरली होती ना?"

"पोरं उपाशी व्हती वं माय. दोनच राह्यल्या. तू हो पुढे."

"साडेपाचला दार बंद होतं, आजी!"

"होऊ दे मंग." तिने भाकरी उलटली. मग माझ्याकडे न बघता, आणि आवाज ओट्यावर जाणार नाही असा, म्हणाली, "मागं मी मत देलं तवा कागद व्हता. शिक्का मारायचा. आता ते मशीन हाये म्हने. मले ते उमजत नही, मोनाली. चुकलं त? आतमधी बठ्ठी ओळखीची मास्तरं. हासतीन."

आजीच्या तोंडून ‘बठ्ठी’ निघालं, पण मला हसू आलं नाही. एवढ्या निवडणुका चूल तिला धरून बसली नव्हती. ती चुलीला धरून बसली होती.

मी खाली बसले. परातीतलं पीठ हाताने सपाट केलं आणि बोटाने चौकोन काढला. "हे बघ. ही नावं, ही चित्रं, त्यांच्यापुढे हे निळं बटण. एक मशीन जिल्हा परिषदेचं, एक पंचायत समितीचं. इथे एकदा दाबायचं, तिथे एकदा. मग लांब आवाज येतो, पीं... करून. संपलं. तू दाब बरं."

आजीने पिठात बोट दाबलं.

"पीं..." मी म्हणाले.

"येवढंच?"

"एवढंच. आणि आजी, जळगावला स्टेजवर मी अख्खा एक परिच्छेद विसरले होते. नुसती उभी होते. कोणी हसलं नाही. मी घरी सांगितलंच नव्हतं."

आजीने माझ्याकडे बघितलं, तवा उतरवला, आणि ओट्यावरच्या पोरांना ओरडून सांगितलं, "ज्याले पाहिजे त्यानं आपली भाकर थापून घ्या!"

आम्ही धावलो. म्हणजे मी धावले, आणि आजी तिच्या मापाने धावली, कोपरापर्यंत पीठ घेऊन. शाळेच्या फाटकाशी पोलीस घड्याळ बघत उभा होता. आजी आत गेली आणि तिच्या पाठीमागे फाटक लागलं. मी बाहेर, गजांना नाक लावून. माझं वय पंधरा, मला काही आत सोडत नाहीत.

आत अजून बावीस जण रांगेत होते. चिकाच्या डागांचे सदरे, मधेच पप्पा. दर वेळी सगळ्यात आधी मत देऊन मोकळे होणारे पप्पा दिवसभर चाकाची खुर्ची ढकलून आता चौदाव्या जागी उभे होते. मग एक साहेब सह्या केलेल्या चिठ्ठ्या घेऊन बाहेर आले आणि रांगेच्या शेपटाकडून वाटायला लागले. पहिली आजीला.

"एक नंबर?" आजी म्हणाली. "भाऊ, मी त शेवटची हाये."

"शेवटूनच सुरू करतो, आजी. म्हणजे मागून कोणी घुसत नाही."

आजीने चिठ्ठी दोन्ही बाजूंनी बघितली. मग पुढच्या बावीस जणांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पाहा रे! मी पहिली आली!"

सगळी रांग हसली. खोलीतली ओळखीची मास्तरंही दारात येऊन हसली, आणि आजीही त्यांच्याबरोबर हसली.

अंधार पडता पडता तिचा नंबर आला. फाटकापाशी आबा येऊन उभे राहिले होते, काकू, मम्मी, कडेवर कोणाचं तरी पोर घेतलेला काका, आणि मत देऊन आलेले पप्पा. आतून आधी काहीच आवाज आला नाही, इतका वेळ की मी गजांवर बोटं आवळली. मग आला. लांब, सरळ, पीं...

आजी बाहेर आली. डाव्या हाताच्या बोटाला शाई, बाकी हाताला पीठ.

"आई," पप्पा आणि काका एकदम म्हणाले, "कोणाला?"

आजीने उत्तर दिलं नाही. तिने आबांकडे बघितलं. चेक त्यांचा, मांडव त्यांचा, चिठ्ठ्या त्यांच्या. विचारायचा हक्क असलाच तर त्यांचा. आबांनीही तोंड उघडलं. मला स्पष्ट दिसलं, "कोनले" त्यांच्या जिभेवर आलं होतं. त्यांनी ते तिथेच ठेवलं, टोपी काढली, पुन्हा घातली.

"सकायपासून काही खाल्लं का तू?" त्यांनी विचारलं.